चकचकीत नको

"डोळे मिटा आणि मग हातात घ्या," दुकानातल्या बाई म्हणाल्या. "डोळे उघडे असले की माणूस चकाकीला भुलतो."

प्लास्टर मास्तरांनी निमूटपणे डोळे मिटले. बाईंनी काउंटरवर जाड कापड अंथरून चार लायटर मांडले होते. एकेक उचलून त्या मास्तरांच्या तळहातावर ठेवत गेल्या.

"काय वाटतं?"

मास्तरांना काहीच वाटलं नाही. काहीतरी थंड होतं, चौकोनी होतं. गेले तीन आठवडे हातात येणारी प्रत्येक वस्तू अशीच येत होती. किल्ली, पाण्याचा पेला, भेटायला येणाऱ्यांचे हात, सगळं एकाच मापाचं.

"सिगारेटसाठी ना?"

"नाही. हातचलाखी करतो. पोरांसमोर."

बाईंनी चष्म्यावरून एकदा नीट पाहून घेतलं, पण जास्त विचारलं नाही.

मास्तरांचं काम हॉस्पिटलात. मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालायचं आणि हाड जुळलं की ते कापून काढायचं. चोवीस वर्षं हेच. कापायची करवत नुसती थरथरते, कातडीला काही करत नाही. पण तिचा आवाज ऐकला की भलेभले पाय आखडून घेतात, मग पोरांचं काय! म्हणून मास्तरांच्या खिशात लायटर असे. तेल नाही, वात नाही, नुसती धातूची डबी. झाकण एका झटक्यात उघडायचं, डबी बोटांवरून लोळवायची, या बाहीत घालवून त्या बाहीतून काढायची. पोराचं रडं थांबलं की त्याच्याच धडक्या हातात ती द्यायची. "आता तू वाजव." पोर टक-टक करत बसे आणि तेवढ्यात प्लास्टरची दोन शकलं झालेली असत.

हे सगळं ते घरी बायकोबरोबर शिकले होते. दोघं पलंगावर समोरासमोर बसत, मधे उशी, म्हणजे डबी पडली तरी आपटायला नको. बायको एका कचेरीत टायपिस्ट. मास्तरांना जे जमायला महिना लागला ते तिला चार दिवसांत आलं. पुढे तर ती फोनवर बहिणीशी बोलताबोलता डबी करंगळीपासून अंगठ्यापर्यंत आणि परत अशी फिरवी, तिच्याकडे न बघता. मास्तरांना ते कधीच जमलं नाही. लायटर मात्र त्यांच्या पसंतीचा, आरशासारखा लखलखीत. त्यावरून ती त्यांना टोचत असे. "अहो, आरसाच हवा असेल तर भिंतीला लावा की. हाताला घाम आला तरी सुटणार नाही असं काहीतरी घ्या."

"पोरांना चमकतं तेच आवडतं."

"पोरांना की पोरांच्या मास्तरांना?"

ती गेली एका दुपारी, कचेरीत, टेबलावर डोकं टेकून. शेजारच्या बायकांना वाटलं, डुलकी लागली असेल. म्हणून अर्धा तास कोणी उठवलंही नाही. सारा जन्म हॉस्पिटलात काढलेल्या माणसावर बायकोसाठी तिथे धावाधाव करायचीसुद्धा पाळी आली नाही.

मास्तर रडले नाहीत. मेहुणी आठ दिवस त्याची वाट बघत राहिली. "भावजी, एकदा मोकळे व्हा हो," ती म्हणायची, आणि मास्तर विचारायचे, "चहा ठेवू का?" शेवटी त्यांच्याही वाटणीचं रडून ती आपल्या घरी गेली.

कामावर हजर झाले त्या दिवशी पहिल्याच पोरासमोर लायटर हातातून निसटला. निसटल्याचं त्यांना कळलं ते फरशीवरच्या आवाजाने. बिजागरी तुटून झाकण कपाटाखाली गेलं. पोराने असा काही टाहो फोडला की बाहेरच्या रांगेतली सगळीच रडायला लागली.

"मास्तर, आजच्या दिवस घरी जा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

"घरी काय करू?"

सिस्टरांनी तुटलेली डबी उचलून त्यांच्या हातात ठेवली. "मग निदान दुसरा घेऊन या. उद्याच्या यादीत सहा पोरं आहेत."

म्हणून ते इथे आले होते.

"आता डोळे उघडा आणि करून दाखवा," दुकानातल्या बाई म्हणाल्या.

पहिला चकचकीत. मास्तरांनी सवयीने आधी तोच उचलला. दुसऱ्या बोटावरच तो घसरला आणि कापडावर पडला. पितळी जड होता, बोटावर नीट टेके. "पण वास राहतो हो हाताला, दिवसभर," बाईंनी सांगून टाकलं. काळ्याला खरखरीत लेप होता. पकड झकास.

"हाच घ्या. कडा जरा सोलतील वर्षभरात, तेवढंच."

"पांढऱ्या खोलीत काळं काही पुढे केलं की पोरं मागे सरतात," मास्तर म्हणाले.

उरला शेवटचा. बारीक बारीक रेघांचा, घासून घासून मंद केल्यासारखा. उजेड त्यावर पडे, पण डोळ्यांत येत नसे. मास्तरांनी झाकण उडवलं, डबी बोटांवर घेतली. तिसऱ्या बोटाशी हात अडला. पुढचं आठवेना. डबी मात्र होती तिथेच राहिली.

"बघा, बोटं विसरली तरी हा थांबतो," बाई म्हणाल्या. "आणि पुसायची कटकट नाही. त्या चकचकीतावर बोटांचे ठसे उठतात. ह्याच्यावर कुणाचा हात लागला ते कळतच नाही."

मास्तरांचा हात खिशावर गेला. तुटलेला जुना लायटर आत होता. ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी तिने तो सोफ्यावर बसून फिरवला होता. नंतर तो तिथेच पडून होता. आणि कामावर निघताना मास्तरांनी तो उचलून, रोजच्यासारखा, बाहीला लख्ख पुसला होता.

त्यांनी खिशावरचा हात काढला.

"हा रेघांचा द्या," ते म्हणाले. "खोकं नको. असाच नेतो."

दुसऱ्या दिवशी यादीतली तिसरी होती आठ वर्षांची एक मुलगी, डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरात. ती रडत नव्हती. दात आवळून करवतीकडे बघत होती. मास्तर तिच्यासमोर स्टुलावर बसले. झाकण उडवलं. डबी चार बोटांवरून गेली, अंगठ्याशी पोचली आणि तिथून परत फिरायची ती अडखळली. त्यांनी ती तशीच बाहीत सरकवली आणि दुसऱ्या बाहीतून काढली.

"कोणी शिकवलं तुम्हाला?"

"आमच्या घरच्यांनी."

"त्यांना तुमच्यापेक्षा छान येतं?"

"यायचं," मास्तर म्हणाले. मग झाकण मिटत म्हणाले, "खूप छान यायचं. न बघता."

त्यांनी डबी तिच्या उजव्या हातात दिली. ती टक-टक वाजवत राहिली आणि मास्तरांनी करवत चालवली. प्लास्टर दुभंगलं. आतून हात निघाला. बारीक, फिकट, सुरकुतलेला. आधार सुटताच तो आपोआप थोडा वर तरंगला. मुलगी त्याच्याकडे दुसऱ्याच कुणाचा असावा तशी बघत राहिली.

"हा माझा नाही वाटत."

"वाटेल. थोडे दिवस जातील."

मास्तरांनी कोमट पाण्यात कापसाचा बोळा भिजवला आणि तिची पापुद्रे सुटलेली कातडी पुसायला घेतली.

"लागतंय का?"

मुलीने डोळे मिटून पाहिलं. "काहीतरी लागतंय. थोडंसं."

मास्तरांनी बोळा पिळला, पुन्हा भिजवला, आणि कोपराकडून मनगटाकडे, आधीपेक्षा हळू, पुसत गेले.