मुलाकडची

सुनेला घेऊन सासूबाई स्वतःच आल्या, तिथेच सगळी पंचाईत झाली. दातांच्या दवाखान्याच्या वरचा मजला, बाहेर पाटी नाही, आत चार खुर्च्या आणि एक टेबल. टेबलामागच्या ताईंनी सुनेच्या सुजलेल्या ओठाकडे पाहिलं, तिच्या कडेवर पेंगणाऱ्या पोरीकडे पाहिलं, आणि सासूबाईंना विचारलं, "तुम्ही मुलीच्या आई का?"

"मी त्याची आई," सासूबाई म्हणाल्या.

ताईंचं पेन थांबलं. लग्नाच्या दारात विचारतात ना, मुलाकडचे की मुलीकडचे, तसाच तो प्रश्न होता, आणि सासूबाई चुकीच्या बाजूच्या निघाल्या होत्या.

खरं तर या परक्या मुलखात ताई आपल्या भाषेतल्या, आपल्या माणसांतल्या, म्हणूनच सासूबाईंनी अडल्या बायकांना आसरा देणारी ही जागा शोधली होती. गेल्या वर्षी सून एकटीच एका सरकारी कचेरीत गेली होती. तिथे मिळालेला दुभाषा निघाला नवऱ्याच्या मित्राचा मेहुणा. त्याने ऐकलेलं सांगितलंच, वर पदरचंही घातलं, आणि संध्याकाळपर्यंत गोष्ट घरी पोचली. त्यानंतर घरात काय झालं ते सासूबाईंनी भिंतीपलीकडून ऐकलं होतं. ऐकलं होतं म्हणजे टीव्हीचा आवाज वाढवला होता.

ताई नरमाईने म्हणाल्या, "मावशी, मला तिच्या एकटीशी बोलावं लागेल. सासूसमोर सून मोकळं बोलत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार?" आणि सुनेला, पोरीला घेऊन त्या आतल्या खोलीत गेल्या.

सासूबाई चिडल्या. बत्तीस वर्षं रुग्णालयाच्या धुलाईखात्यात काढलेली बाई ती. कोणता डाग कशाचा आणि किती जुना, हे त्या चादर हातात घेताच सांगत. आज सकाळी सुनेच्या उशीचा अभ्रा त्यांच्या हाती लागला, आणि डाग कशाचा हे स्वतःला खोटं सांगणं त्यांना जमलं नाही. मग आणलं कुणी हिला इथे? हिच्या कपड्यांची पिशवी कुणी भरली? आणि बाहेर कोण बसलंय? चोर सोडून संन्याशाला फाशी. पण आपण संन्यासी तरी आहोत का, हेही त्यांना ठरवता येईना. चोर म्हणावं तर चोराला जन्म दिलेला.

तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. मुलाचा. त्याचा फोन त्यांनी आजवर कधी वाजू दिला नव्हता, लगेच उचलायच्या. आताही उचलला. तो दुपारचा जेवायला घरी आला होता, दाराला कुलूप. किल्ली शेजारी ठेवलीय, पान झाकून ठेवलंय, वरण गरम करून घे, सगळं सांगून झालं. मग त्याने विचारलं, सगळ्या आहात कुठे? आणि पोटच्या पोराने विचारलं की जे तोंडातून येतं तेच आलं, "दातांच्या दवाखान्याच्या वर."

फोन ठेवला, आणि मग आपण काय सांगून बसलो ते त्यांना कळलं.

गप्प बसता आलं असतं. सांगितलं तर ताई म्हणणार, बघा, मुलाकडचीच निघाली. मग ताई ठेवतील तिथे सुनेबरोबर, नातीबरोबर जाणं विसराच. आणि त्या दोघींशिवाय त्या घरात त्यांचं होतं तरी काय? न सांगावं तर पंधरा मिनिटांत तो जिना चढून येणार. सासूबाई उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या, आणि त्यांनी आतलं दार ठोठावलं.

ताई ओरडल्या नाहीत. त्यांनी दोन फोन केले. खालचा राखणदार वर आला, मागच्या जिन्याशी गाडी लागली. सून पोरीला उचलून म्हणाली, "आई, तुम्ही पण चला. तुमच्याशिवाय मी जाणार नाही."

ताईंनी सासूबाईंना बाजूला घेतलं. "मावशी, खरं सांगा. त्याने उद्या फोन केला, आई कुठे आहेस विचारलं, तर खोटं बोलाल?"

सासूबाईंनी मनापासून विचार केला. तो दुखऱ्या आवाजात बोलला तर? रडला तर?

"नाही जमायचं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनीच सुनेच्या पाठीवर हात ठेवून तिला जिन्याकडे ढकललं. ढकललं असंच म्हणायला हवं, कारण ती हलत नव्हती. नात खांद्यावरून बघत राहिली. गाडी कुठे जाणार हे ताईंनी सांगितलं नाही, आणि सासूबाईंनी विचारलं नाही.

तुम्हीही मागून निघा, असं ताई म्हणाल्या. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत.

तो आला. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, हातांना अजून काळं ग्रीस. त्याने रिकाम्या खुर्च्या पाहिल्या, दारातल्या राखणदाराला मापलं, आणि आवाज खाली आणला. बाहेरच्यांसमोर त्याचा आवाज नेहमीच खाली असे.

"कुठे आहे ती?"

"मला माहीत नाही." हे निदान खरं होतं.

"तू आणलंस तिला इथे?"

"हो."

तो बघतच राहिला. राग येईल असं त्यांना वाटलं होतं, पण त्याचा चेहरा गोंधळला, अगदी त्यांच्यासारखाच. नाक, कपाळ, सगळं त्यांचंच. त्याला जवळ घ्यावं की राखणदाराच्या मागे उभं राहावं, त्यांना कळेना. दोन्ही एकदमच वाटत होतं, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

"तू आई कुणाची आहेस?" त्याने विचारलं. "माझी की तिची?"

सकाळपासून जो तो हेच विचारत होता.

"तुझी," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून तर चार वर्षं टीव्हीचा आवाज वाढवत बसले."