मागच्या तारखेचं पाणी

एकोणिसशे एकाहत्तर सालची गोष्ट. कालव्याकाठच्या त्या रंगशाळेत तेव्हा सुताच्या लडी रंगवत, आणि वहिनींचे हात कोपरापर्यंत निळे असायचे. नवरा गेल्यावर धाकट्या दिराला हाताशी धरून त्यांनी कारभार सांभाळला होता.

दीर भारी खटपट्या. कालव्याच्या पाण्याची फी सरकार कोणत्या कायद्यानं घेतं, असं विचारत त्यानं खटला भरला, आणि चक्क जिंकला! फी बेकायदा ठरली, भरलेली रक्कम परत मिळणार होती. दिराला आभाळ ठेंगणं झालं.

पंधरवड्यात पाणी-कचेरीचे साहेब दारात.

"फीच्या नियमाला कायद्याचा आधार नाही, हे तुम्हीच सिद्ध केलंत ना? मग त्याच नियमानं दिलेला तुमचा पाण्याचा परवानाही गेला. महिनाअखेर कालव्याचं दार बंद."

पाण्यावाचून रंगशाळा कसली?

"जिंकलात हो भाऊजी! आता लडी हवेत रंगवा."

"न्यायाधीशांना जरा कमी पटवायला हवं होतं, वहिनी," दीर पुटपुटला.

महिना सरायच्या आत नवा कायदा आला. आजवरची फी पहिल्या दिवसापासून कायदेशीर धरायची, कुणाला काही परत द्यायचं नाही. दिरानं कपाळाला हात लावला. "पैसेही गेले आणि पाणीही!"

वहिनी हौदाशी लडी पिळत होत्या. त्यांचे हात थांबले.

"थांबा हो. फी पहिल्यापासून खरी ना? मग ती कशाची फी?"

"पाण्याची."

"मग पाणी कसं खोटं?"

हात न धुताच वहिनी पाणी-कचेरीकडे निघाल्या, दीर मागून धावला.

"बाई, टेबलाला रंग लागतोय," साहेब म्हणाले.

"लागू दे. परवान्याशिवाय फी घेत होतात का तुम्ही? की तुमचा नियम अर्धा जिवंत नि अर्धा मेलेला?"

साहेबांनी कायदा काढला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. नियम आणि त्याखाली केलेलं सारं काही वैध, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. ते खो खो हसले.

"फी वाचवायच्या नादात आम्ही तुमचा परवानाही जिवंत केला की! बंदीचा हुकूम आजच मागे घेतो. फक्त या भाऊजींना आवरा."

"ते माझ्या सासूला जमलं नाही," वहिनी म्हणाल्या.

रक्कम काही परत आली नाही, पण पाणी वाहत राहिलं. दीर पुढे कालवा समितीवर निवडून आला आणि फी वेळेवर भरा म्हणून इतरांच्या मागे लागू लागला. साहेब निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेले. वहिनींनी नजर अधू होईपर्यंत काम केलं, मग रंगशाळा भाचीच्या हाती दिली. ती अजून चालवते.