जितेंद्रचं मत

लोकांच्या पोटात दुखायला काहीतरी कारण लागतं. जितेंद्रला अश्विनचा फोटो पुरायचा. फोटोत अश्विन चष्मा कपाळावर सारून हसत असायचा आणि सोबत नव्या सिनेमावर त्याने काहीतरी खुसखुशीत लिहिलेलं असायचं. ते वाचून अर्धं नागपूर पोट धरून हसतं, असं निदान जितेंद्रला वाटायचं.

तसे दोघं शाळेपासूनचे दोस्त. जितेंद्र वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बुकिंग बघायचा, अश्विन हिंगण्याला कारखान्यात. रविवारी सकाळचा स्वस्तातला शो, मग ठेल्यावर तर्री-पोहे. पोह्यांची प्लेट हातात येईपर्यंत सिनेमाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हा त्यांचा नियम. प्लेट आली की जितेंद्र सुटायचा आणि अश्विन ठसका लागेपर्यंत हसायचा. संध्याकाळी तेच सगळं फेसबुकवर, अश्विनच्या नावाने!

एका मारधाडीच्या सिनेमात ट्रक पुलावरून उडाला, तेव्हा जितेंद्र म्हणाला होता, "ट्रकनं तीन कोलांट्या खाल्ल्या गा, पण ताडपत्रीची एक दोरी नाही सुटली! असा बांधणारा आमच्या वाडीत पाह्यजे." या वाक्याला चारशे लाइक पडले. अश्विनने जन्मात कधी ताडपत्री बांधली होती का? आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

त्यात जितेंद्रची बायको मिनल पोळ्या लाटता लाटता ते मोठ्याने वाचायची. "अश्विनभाऊजी काय मस्त लिहितेत! तुमाले काहून सुचत नाही असं?" जितेंद्रच्या तळपायाची आग मस्तकात जायची. 'ते माझंच आहे' म्हणावं, तर कोण विश्वास ठेवणार?

मग त्याने मोबाइलवर चांगल्या सवयी लावणारं एक ॲप घेतलं आणि त्यात 'रोज एक पोस्ट लिहिणे' असं टाकलं. ॲप रोज टुणकन विचारायचं, लिहिलं का? पण समोर अश्विन नसला की एक ओळ सुचेल तर शपथ. शेवटी ॲपचं मन राखायला तो 'पाणी पिणे'वर बरोबरची खूण करून मोकळा व्हायचा. एकदा ॲपने विचारलं, आज कसं वाटतंय? निवडायला पाच चेहरे दिले होते. जळणाऱ्या माणसाचा त्यात एकही नव्हता.

'माझं नाव टाकत जा' असं अश्विनला सरळ सांगता आलं असतं. पण मागून मिळालेलं नाव ते काय नाव! त्याला नाव हवं होतं आणि तेही न मागता. ते मिळत नाही म्हटल्यावर त्याने डाव टाकला.

पुढच्या रविवारी एक तीन तासांचा सिनेमा लागला होता. त्यात नायिका विहिरीत आरसा टाकते आणि मग उरलेला वेळ सगळे त्या विहिरीत बघत बसतात. सिनेमा इतका रटाळ की मागच्या रांगेत कोणीतरी चक्क घोरत होतं. प्लेट हातात येताच जितेंद्र गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मास्टरपीस आहे गा."

"हा?" अश्विनचा चमचा हवेतच राहिला.

"त्या आरशात सगळं आहे. समजणाऱ्याले समजते."

आता हा मुकाट्याने तेच लिहील आणि लोक त्याची हजामत करतील, या आनंदात जितेंद्रने आणखी एक प्लेट मागवली.

संध्याकाळी मिनल वाचू लागली. "मला हा सिनेमा काही कळला नाही. पण माझा मित्र जितेंद्र याला तो मास्टरपीस वाटतो. आरसा नीट पाहा म्हणतो." नावाला टॅगही केलेलं होतं. इतकी वर्षं ज्या नावाची वाट पाहिली, ते आलं आणि असं आलं! खाली लोक तुटून पडले होते. जितूभाऊले त्याच विहिरीत सोडा. जितूभाऊ, तिकिटाचे पैसे वापस करा. मिनलला हसू आवरेना.

आठवडाभर तो धुमसत होता. रविवारी ठेल्यावर अश्विन दिसताच तो कडाडला, "माझं नाव काहून टाकलं बे?"

"नाही तं काय करू? आधी आपलं दोघाचं मत एकच राहे, म्हणून कधी नाव टाकलं नाही. हे तं तुझ्या एकट्याचं होतं. मी कसा खपवू माझ्या नावानं?" अश्विन जवळ सरकला. "अन् आयक न. मी काल पुन्हा पाहून आलो तो सिनेमा."

"पुन्हा? काहून?"

"तुले आवडला म्हणजे मलेच समजला नसन, असं वाटलं. लोकायले मी सांगून राहिलो का थांबा, जितेंद्र चुकत नाही. पण मले त्या आरशात आताही काही दिसलं नाही गा. तूच सांग न, काय होतं त्यात?"

जितेंद्रच्या हातातले पोहे गार होत होते. "काही नव्हतं," तो कसाबसा म्हणाला.

"पाह्य, लपवून राहिला!" अश्विन मोकळेपणी हसला आणि स्वतःच्या प्लेटमधली शेव त्याने जितेंद्रच्या पोह्यांवर घातली.

जितेंद्र खाली मान घालून खाऊ लागला. आतापर्यंत त्याला अश्विनच्या लाइकांचा हेवा वाटायचा. आज त्याच्या मनाचा वाटला, आणि हे दुखणं आधीच्यापेक्षा जास्त होतं.