घरी आणलेले थेंब

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिचा डावा डोळा तळहाताने झाकला आणि दुसरा हात तिच्यासमोर धरला.

"किती बोटं आहेत?"

"हात वर केलाय का तुम्ही?" तिने विचारलं.

तिचा नवरा, सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर, तिच्या पाठीमागे भिंतीला टेकून उभा होता.

"काचबिंदूचा झटका आहे," डॉक्टर म्हणाले. "डोळ्यातला दाब एकदम वाढतो. पहिल्याच दिवशी आला असतात तर हा डोळा बहुधा वाचला असता. डावा आता आपण सांभाळू. आधी कुणाला दाखवलं होतं?"

"कुणाला कशाला दाखवू? हेच दवाखान्यात आहेत," ती म्हणाली. "थेंब घरपोच. वशिला आहे माझा."

डॉक्टरांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि ते मान खाली घालून लिहायला लागले.

त्या आठवड्यात घरोघरी डोळे आले होते. दवाखान्याची रांग फाटकापर्यंत जायची. नर्सबाई प्रत्येकाला एकेक डोळा झाकून भिंतीवरचा तक्ता वाचायला लावायच्या. धूसर दिसतंय म्हणणाऱ्याला थेट आत पाठवायच्या. बायकोला कशाला ताटकळत ठेवायचं, म्हणून तो थेंबांची बाटली खिशात घालून घरी घेऊन गेला. तिचा एकच डोळा लाल होता. चिपडं नव्हती. कपाळ ठणकत होतं. उलटी झाली तेव्हा त्याने पित्ताची गोळी दिली. असे तीन दिवस गेले.

परतताना ती त्याचा दंड धरून चालत होती.

"जिवाला लावून घेऊ नका हो," ती म्हणाली. "तुम्ही लगेच थेंब घातलेत म्हणून दुसरा तरी राहिला."

"पायरी आहे," तो म्हणाला.

पुढे दोन वर्षं ती शेजारणींना हेच सांगत राहिली. ती सांगायला लागली की तो उठून आत जायचा. एका रविवारी मात्र त्याने रेडिओ बंद केला आणि तिच्यासमोर येऊन बसला.

"काय झालं?"

"काही नाही. भाजी काय आणू?"

"एवढ्यासाठी गाणं बंद केलंत? काहीही आणा. नाहीतरी निवडायला तुम्हीच बसणार."

ती हसली. तो पिशवी घेऊन बाहेर पडला.

मागच्या महिन्यात ती गेली. त्या थेंबांनी काहीच वाचलं नव्हतं, ते तीन दिवस त्यानेच घालवले होते, हे तिला सांगायचं राहून गेलं.