वाल्बुर्गाच्या माळ्यावरचं गवत

ख्रिस्तदेहाच्या सणाला गोटहोल्डनं शेणखताची गाडी जुंपली, यात नवल काहीच नव्हतं. आम्ही पोपवाल्यांनी काळे कोट चढवून, फादरांच्या डोक्यावर छत्र धरून मिरवणूक काढायची आणि या ल्यूथरवाल्यानं नेमकी तेव्हाच आमच्या नाकापुढून वासाची गाडी न्यायची, हे दरसालचंच. आम्ही तरी कुठले साधू? गुड फ्रायडे त्यांचा वर्षातला सगळ्यांत मोठा दिवस; तेव्हा त्यांचं चर्च शोकात बसलं, की आमच्या गाड्या त्यांच्या दारावरून निघायच्या.

दोष ओढ्याचा. तो आमच्या एर्लेनग्रुंड गावाच्या बरोबर मधून वाहतो. पूर्वी दोघा जहागीरदार भावांनी त्याच्यावरून गाव वाटून घेतलं. एक ल्यूथरच्या नव्या पंथामागं गेला, दुसरा पोपला धरून राहिला, रयतेला कुणी विचारलं नाही. भाऊ मेले, गढ्या पडल्या, भांडण मात्र आम्ही नीट सांभाळलं. वाटणीत एक घोळ राहिला. त्यांची काही कुरणं आमच्या काठाला आली. गोटहोल्डचं एकुलतं कुरण त्यातलंच.

त्या दिवशी त्याचं कापलेलं गवत तिथं वाळून पडलं होतं. शहाण्या माणसानं आधी ते घरी आणलं असतं. पण गाडी एकच, आणि खोडी काढायचा दिवसही एकच. गोटहोल्ड एकटा जीव, त्याच्या दोन गाई हिवाळाभर त्या गवतावर जगायच्या होत्या. ते कुजलं तर एक विकावी लागणार होती, आणि गाडी ओढायलाही त्याच दोघी होत्या.

आम्ही पुलाशी, वाल्बुर्गाच्या दारात मांडलेल्या वेदीपाशी पोचलो. ही आमच्या काठची विधवा, कामाला वाघ आणि जिभेनं तिखट. गोटहोल्ड ऐटीत पुलावर आला आणि गाडीचं चाक मोडलं. गाडी मधोमध आडवी बसली. छत्राची एक काठी माझ्या हातात होती. हसू दाबताना छत्र हललं, तेव्हा फादरांनी माझ्याकडं पाहिलं. तेवढ्यात डोंगरामागं गडगडलं.

गोटहोल्डचा चेहरा उतरला. त्यानं कुरणाकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं आणि खाली मान घालून गाई सोडायला लागला. मागायला तोंड कुठं होतं? मला त्याची खरंच कीव आली.

"काय गोटहोल्ड," वाल्बुर्गा म्हणाली, "औंदा वास लई जवळ आणलास रं. गवत कुटं हाय?"

"तुला ठावं हाय कुटं हाय त्ये."

"मग माग की तोंड उघडून."

"पोपवाल्यांफुडं?"

"तुज्यासाठी न्हवं रं बाबा. तुज्या गाई कुटल्याच चर्चात जात न्हाईत, त्येंनी का म्हून उपाशी ऱ्हायचं?" मग ती वळली. "फादर, आशीर्वाद जरा बिगीनं उरका."

फादर शेतकऱ्याचंच पोर. त्यांनी उरकला. काळे कोट कुंपणावर लटकले, बाप्यांनी दाताळी धरली, बायकांनी चादरींत गवताच्या मोटा बांधल्या. पूल अडलेला, म्हणून सगळं वाल्बुर्गाच्या माळ्यावर चढलं. पाऊस आला तेव्हा शेवटची मोट आत गेली होती.

पुढं गवत परत न्यायची गोष्ट निघाली, तर ती म्हणाली, एवढं चढवलंय, आता उतरवतं कोण? लागेल तसं रोज घेऊन जा. मात्र माझ्या दारात यायचं तर आमच्या रीतीनं, "येशू ख्रिस्ताची स्तुती असो," म्हणून यायचं.

सुरुवातीला गोटहोल्ड ते दाढीतच पुटपुटायचा. वाल्बुर्गा कानामागं हात धरून उभी राहायची. अर्ध्या गावाला संध्याकाळी नेमकं तिथूनच जायचं काम निघायचं. नाताळपर्यंत त्याचा आवाज खणखणीत झाला, आणि बर्फ गुडघ्याएवढं साचलं तेव्हा गवताचा भारा बांधायला त्याला जरा जास्तच वेळ लागू लागला.

मग बर्फ वितळलं, गाई चरायला बाहेर पडल्या, माळा रिकामा झाला. एका संध्याकाळी गोटहोल्ड दाढी करून, रिकाम्या हातानं तिच्या दाराशी आला. मी शेजारच्या कुंपणाला उगाच खिळे ठोकत होतो.

"येशू ख्रिस्ताची स्तुती असो," तो म्हणाला.

"गवत संपलं की रं."

"ठावं हाय मला."

तो तिथंच उभा राहिला. वाल्बुर्गानं त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"मग आत ये की," ती म्हणाली. "त्येचे खिळे संपायला आलेत."