समाप्त नसलेली प्रत

मी डुप्लिकेट बोलतेय. हो, डुप्लिकेट! नाक कशाला मुरडता? उल्हासनगरच्या फुटपाथवर ओरिजिनलच्या निम्म्या भावात मिळते, म्हणून तर पोरी माझ्यापर्यंत पोचतात.

दोन मैत्रिणींच्या गोष्टीवरच्या कादंबरीमालिकेचा मी तिसरा, शेवटचा भाग. बांधणीवाल्याने घाईत माझी शेवटची सोळा पानं लावलीच नाहीत. मला ठाऊक होतं, पण सांगणार कुणाला?

मला घेतलं सोनिवलीच्या भाविकाने आणि अंबरनाथ पूर्वेच्या यशोधराने. कॉलेजातल्या जिवाभावाच्या मैत्रिणी. पहिले दोन भाग त्यांनी एकाच प्रतीतून, डोक्याला डोकं लावून वाचलेले. मालिकेच्या इतक्या प्रेमात, की एकमेकींना हाकाही त्यातल्याच नावांनी मारायच्या! नियम एकच: एकटीने पुढे वाचायचं नाही.

मग भाविकाला नाशिकला नर्सिंगला अ‍ॅडमिशन मिळालं. त्याच आठवड्यात यशोधराने मला एकटीनेच वाचून काढलं. माझ्या शेवटच्या पानावर गोष्टीतल्या दोघी मैत्रिणी कडाकडा भांडतात आणि एक मागे वळूनही न बघता निघून जाते. त्यापुढे थेट पुठ्ठा. यशोधरा खूप रडली, आणि तिने भाविकाचे फोन उचलणंच बंद केलं. अगं बाई, तिथे संपत नाही गं!

जायच्या आदल्या दिवशी भाविका तणतणत यशोधराच्या घरी आली.

"फोन का नाय उचलत?"

"तू जाणारच आहेस ना? जा. शेवटी सगळ्या जातातच. यातपण तसंच आहे."

"म्हणजे एकटीने वाचलंस?"

भाविकाचा आवाज चिरकला. तिने मला हिसकावलं. आता फाडते की काय, म्हणून मी जीव मुठीत धरून बसले. ती शेवटचं पान पुन्हा पुन्हा उलटत राहिली.

"येडी आहेस का? 'समाप्त' कुठंय? आधीच्या दोन्ही भागांत होतं. डुप्लिकेट माल आहे हा! पुढची पानंच नाहीत!"

यशोधरा हसता हसता हुंदके देऊ लागली.

संध्याकाळी दोघींनी ओरिजिनल आणली. माझी रवानगी आता रद्दीत, असं मी धरूनच चालले होते. पण भाविकाने नवी प्रत न उघडताच यशोधराच्या हातात दिली आणि मला बॅगेत कोंबलं.

"शेवट तुझ्याकडे. दिवाळीत येते, तेव्हा वाचू. परत एकटीने वाचलंस तर बघ हां!"

सध्या मी नाशिकला, हॉस्टेलच्या उशीखाली आहे. परवा भाविकाची रूममेट म्हणाली, "माझ्याकडे पूर्ण पुस्तक आहे, त्या पानांची झेरॉक्स देते." बाई गं, हात जोडते, ती पानं मला चिकटवू नकोस. भाविकाला त्यांच्यासाठी घरी जायचंय.