ग्रेम्दाच्या नोंदवहीतली सतरा नावं

कंपनीचं मुख्य कार्यालय मार्चमध्ये स्फाक्सहून राजधानीत, ट्युनिसला हलणार, हे आम्हाला भिंतीवरच्या पडद्यावर सांगण्यात आलं. सांगायला वलीद स्वतः आलासुद्धा नाही. त्याच्या बापाने, हाजी ताहरने, याच शहरात एका घाण्यावर ही अल-घाबा तेल कंपनी उभी केली. पोरगा ट्युनिसला तळ्याकाठी काचेच्या इमारतीत बसून आम्हालाच विचारतो, "बँका इकडे, वकिलाती इकडे, गिऱ्हाईक इकडे उतरतं. तुम्ही तिकडे बसून करताय काय?"

तेल करतोय, बाबा. ऑलिव्हची झाडं इथे, घाणे इथे, टाक्या इथे. त्यातलं काहीच हलणार नव्हतं. हलणार होते फक्त कागद रंगवणारे आणि आम्ही आठ चाखणारे. म्हणजे तेल स्फाक्सला आणि जीभ ट्युनिसला. नमुन्याच्या बाटल्या रोज पावणेतीनशे किलोमीटर गाडीने जाणार आणि आम्ही तिकडून फोन करणार, अकरा नंबरच्या टाकीतलं तेल आंबायला लागलंय हो. तोवर ते आंबून संपलेलं असेल.

अडतीस जणांच्या हातात अडतीस फॉर्म पडले. 'मी स्थलांतरास स्वखुशीने संमती देत आहे.' खाली सही, आणि ती नगरपालिकेत जाऊन प्रमाणित केलेली. आमच्या देशात नगरपालिकेच्या शिक्क्याशिवाय केलेली सही म्हणजे कागदावर माशी चालून गेली इतकंच. फॉर्म पाकिटात बंद करून आमच्या बस्माकडे द्यायचा. टपाल तीच बघते. तिच्याकडून गुरुवारी पाचला सगळी पाकिटं कुरियरने ट्युनिसला. ज्याचं पाकीट नसेल त्याचा नकार समजायचा, आणि कार्यालय हललं की त्याने भरपाई घेऊन घरी बसायचं.

पण बोलता बोलता वलीदच्या तोंडून एक वाक्य निसटलं. "निम्मे लोक तरी यायला हवेत. त्याशिवाय नवे भागीदार मानणार नाहीत. मग कार्यालय राहील तिथेच."

अडतीसचे निम्मे एकोणीस. एकोणीस सह्या झाल्या तर आम्ही संपलो, अठरावर थांबल्या तर वाचलो. एवढं सरळ काम आयुष्यात कधी कोणी आमच्यापुढे ठेवलं नव्हतं. काही करायचंच नव्हतं. फक्त नगरपालिकेत जायचं नव्हतं.

त्याच दुपारी, सोमवारी, मी सगळ्यांना चाखण्याच्या खोलीत गोळा केलं. मी एमना रेकिक, बावीस वर्षं चाखतेय, त्या खोलीची प्रमुख. ताजी भाकरी आणली, ताटलीत नवं तेल ओतलं.

"एकेक तुकडा बुडवा आणि या अन्नाची शपथ घ्या," मी म्हणाले. "कोणी सही करणार नाही."

"मादाम एमना, एवढं भारी तेल शपथेला?" टेलिफोनवरची रीम म्हणाली. "स्वस्तातलं नाही का?"

"म्हणून ट्युनिसवाले आपल्याला चिक्कू म्हणतात," मोंजी म्हणाला. सी मोंजी शाबूनी ('सी' म्हणजे आमच्याकडचं 'श्री'), आमच्यात सगळ्यात जुना चाखणारा. सगळे हसले. पहिला तुकडा त्यानेच उचलला. "या अन्नाची शपथ, माझा पाय स्फाक्सबाहेर पडणार नाही. ट्युनिसला माणूस शेजाऱ्याला नावाने ओळखत नाही. मेलो तर वासावरून कळेल."

अडतीस जणांनी खाल्लं. अन्नाची शपथ आमच्याकडे कोणी गमतीत घेत नाही. मी त्या दिवशी घरी गाणं म्हणत गेले.

बुधवारी सकाळी मोंजी चाखायला बसला आणि त्याच्या अंगाला अत्तराचा वास आला.

ज्याला हा धंदा माहीत नाही त्याला यात काय वाटणार? पण चाखणारा माणूस अत्तर लावत नाही. आम्ही सुगंधी साबणसुद्धा वापरत नाही, चाखण्याआधी तासभर कॉफी घेत नाही. मोंजीच्या लग्नाला मी होते, त्या दिवशीसुद्धा त्याच्या अंगाला नुसता इस्त्रीचा वास येत होता. आणि हंगामाच्या ऐन मध्यावर, समोर सहा नमुने मांडलेले असताना, हा अत्तरात न्हाऊन आला.

"काय सी मोंजी, दुसरं लग्न काढलंय का?"

"बायकोच्या मावशीकडे गेलो होतो सकाळी."

आठला काम सुरू होतं, म्हणजे सकाळी सातला मावशीकडे! ट्युनिसहून पहाटे निघालेली गाडी सातला पोचते, हे मला माहीत होतं. मंगळवारी अर्धी रजा टाकून तो गेला होता, हेही माहीत होतं. घर बघायला जाताना मालकावर छाप पडावी म्हणून माणूस अत्तर लावतो.

मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. लोत्फी बंदरात क्रेन चालवतो, कमी बोलतो.

"बाकीचे सगळे गेले आणि तू एकटी राहिलीस, तर?" तो म्हणाला.

"शपथ घेतलीय मी."

"मोंजीनेही घेतलीय."

बस, एवढंच. या दोन शब्दांनी माझं डोकं रात्रभर पोखरलं. मुलगी बारावीला. घर आमचं स्वतःचं, तनियूर रस्त्यावर, चौथ्या किलोमीटरला. मला ट्युनिसला जायचं नव्हतं. पण सत्तेचाळिसाव्या वर्षी तेल चाखणाऱ्या बाईला दुसरं काम कोण देणार? दारोदार जाऊन सांगू का, माझी जीभ फार चांगली आहे म्हणून?

गुरुवारी सकाळी कार्यालयात फोन करून दात दुखतोय म्हणाले आणि फॉर्म पर्समध्ये घालून ग्रेम्दाला गेले. शहरातल्या नगरपालिकेत कोणीही ओळखीचं भेटलं असतं. ग्रेम्दा आडबाजूला, तिथे आमच्यातलं कोणी राहत नाही. शहाणपणा बघा माझा.

खिडकीतल्या कारकुनाने माझं ओळखपत्र घेतलं, फॉर्मवर नजर टाकली आणि हसायलाच लागला.

"अल-घाबा? तुमच्याकडे लग्न आहे की मयत?"

"म्हणजे?"

"सोमवारपासून तुमचीच रांग लागलीय, लल्ला बाईसाहेब. सगळे एकेकटे येतात, सगळे काळा चष्मा लावून. कालचा एक तर गाडी दोन गल्ल्या सोडून लावून आला." त्याने जाडजूड नोंदवही माझ्याकडे फिरवली. "करा सही. शेवटच्या नावाखाली."

मी वाचत गेले. नाव, ओळखपत्राचा नंबर, कागदाचा विषय, सही. विषय सगळ्यांचा एकच: स्थलांतर संमती. मोंजी शाबूनी. बस्मा. टेलिफोनवरची रीम. नमुन्याच्या बाटल्या सांभाळणारा हाफेद, जो शपथ घेताना रडला होता. मी बोटाने मोजले. सतरा. काही जणांनी तर शपथेच्याच दिवशी सही केली होती, हाताचं तेलसुद्धा वाळलं नसेल. आणि सगळ्यांना माझ्यासारखीच अक्कल, ग्रेम्दाला कोणी बघणार नाही म्हणून!

"लल्ला, मागे लोक उभे आहेत," कारकून म्हणाला.

अठरावी जागा मोकळी होती. पेन हातात होतं. इतका वेळ मला मोंजीचा राग होता. आता माझ्या नावाची जागा त्यांच्याच खाली दिसली. मी पेन ठेवलं, फॉर्म फाडला आणि तुकडे पर्समध्ये कोंबून बाहेर पडले.

दुपारभर रस्ते तुडवले आणि चारला कार्यालयात शिरले ती ओरडतच. सगळे चाखण्याच्या खोलीत येईपर्यंत ओरडत राहिले. मग सतराच्या सतरा नावं घेतली. तोंडपाठ झाली होती.

मग मोंजीने चष्मा पुसला. "आणि ती वही तू कधी बघितलीस, उख्ती, माझ्या बहिणी?"

"आज सकाळी."

"ग्रेम्दाला? दात दुखत होता ना?"

कोणीतरी फिस्कन हसलं. मला हे आधी कसं सुचलं नाही, कोण जाणे. मी फॉर्मचे तुकडे टेबलावर ओतले. "सही करायलाच गेले होते. तुमच्यासारखीच चोरून. केली नाही. आता तुमचं बोला. खरंच जायचंय कोणाला? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

"मग सही का केली?"

"सगळे करतील असं वाटलं," रीम म्हणाली.

"मला मोंजीचा संशय आला," हाफेद म्हणाला.

"मला तुमच्या सगळ्यांचा आला," मोंजी म्हणाला.

अशी माणसं! शत्रू ट्युनिसला बसलाय आणि आम्ही इथे एकमेकांवर पहारा ठेवतोय. मी बस्माकडे वळले. "किती पाकिटं आहेत तुझ्याकडे?"

"बावीस," बस्मा म्हणाली. म्हणजे ग्रेम्दाबाहेरही पाच सह्या झाल्या होत्या, आणि तिला पहिल्यापासून माहीत होतं. रोज माझ्यासोबत जेवत होती. "प्रत्येकाने मला कोणाला सांगू नको म्हणून बजावलं. मी तरी काय करणार?"

तिने खोकं आणून टेबलावर ठेवलं. घड्याळात सव्वाचार वाजले होते. अजून काही बिघडलं नव्हतं. चार जणांनी आपापलं पाकीट उचललं की खेळ खलास, कार्यालय इथेच.

हाफेद पुढे झाला. आपलं पाकीट काढलं, फाडलं, तोंड पुसलं आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मग रीमने काढलं. वीस उरली. आणखी दोन हवी होती. फक्त दोन.

"सी मोंजी," मी म्हणाले.

"बस्माने काढलं तर मी काढतो."

"आधी सी मोंजींनी काढावं," बस्मा म्हणाली. "ते मोठे आहेत."

"मी काढलं आणि तू नाही काढलंस, तर एकोणीस राहतात. मग मी घरी बसू?"

"मीही तेच म्हणतेय."

"अरे, दोघं एकदम काढा! हात धरून काढा!" मी किंचाळले. मागचे सगळे जमिनीकडे बघत होते. जणू ही गोष्ट त्या दोघांचीच.

पाचला दहा कमी असताना मी स्वतः खोक्यात हात घातला, मोंजीचं आणि बस्माचं पाकीट बाहेर काढलं. कोणी अडवलं नाही.

"फाड," मोंजी हळूच म्हणाला. त्याचा चेहरा सुटका झाल्यासारखा दिसत होता. "तू फाडलंस तर फाडलंस. मी काही बघितलं नाही. उद्या वलीदने विचारलं तर सांगता येईल, मी दिलं होतं, एमनाने फाडलं."

"हो ना," बस्मा म्हणाली.

मला फाडता आलं असतं. तेव्हापासून लोक मला हेच सुनावतात. पण तो जे म्हणाला ते ऐकून माझे हात लाकडासारखे झाले. शपथ मोडणार हा, सही करणार हा, आणि वाचवल्याचा गुन्हा माझ्या माथी! मी दोन्ही पाकिटं ज्याची त्याच्या हातात दिली. "तुमची सही आहे. तुमच्या हाताने फाडा."

मोंजी पाकीट घेऊन उभा राहिला. बस्मा त्याच्याकडे बघत होती, तो तिच्याकडे. खाली मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला. कुरियरवाला हेल्मेट न काढताच जिना चढून वर आला. "ट्युनिसचं टपाल?"

मोंजीने पाकीट खोक्यात टाकलं. लगेच बस्माने टाकलं.

कुरियरवाला खोकं घेऊन गेल्यावर मोंजी मला म्हणाला, "तू फाडायला हवं होतंस, एमना." मी त्याला अशी शिवी दिली की हाफेदने कानांवर हात ठेवले. मग खिडकीपाशी जाऊन लोत्फीला फोन लावला आणि सांगितलं, वीस सह्या गेल्या, त्यात माझी नाही, आणि मार्चपासून मला नोकरी नाही.

"बरं," तो म्हणाला. "घरी ये."